पूजेत मांडलेलं कार्ड

"ताई, दोन्हींपैकी एकच मिळणार," असं म्हणत इंगवले मॅडमनी दोन चकचकीत पत्रकं माझ्या टेबलावर शेजारी शेजारी मांडली. "दोन्ही देता आली असती तर मी काय सोडलं असतं होय? माझंच टार्गेट भरलं असतं. पण तुमच्या एकटीच्या नावावर बँक एकच कार्ड देतीय."

एका पत्रकावर विमानाचं शेपूट होतं आणि त्याच्यामागे निळाशार समुद्र. दुसऱ्यावर कोट घातलेला एक माणूस लॅपटॉपकडे बघून हसत होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरात इतका खूश कारखानदार मी तोवर पाहिला नव्हता, पण तसं बोलले नाही. त्या दिवसांत मी फारसं काहीच बोलत नव्हते.

"हे बिझनेसचं. लाकूडवाला, रंगवाला, कुणाचंही बिल यावर भरा, दीड महिना व्याज नाही. जीएसटीचा हिशेब आपोआप वेगळा निघतो. तुमच्यासारख्या दुकानाला एकदम बेस्ट. आणि हे ट्रॅव्हलचं, प्रीमियम. याची वर्षाची फी जास्त आहे, खोटं कशाला सांगू? पण परदेशात वापरलं तर जादा पैसे कापत नाहीत, पहिल्या तिकिटाला भरपूर पॉइंट मिळतात, आणि विमानतळावर लाउंज फुकट. लाउंज म्हणजे बसायची वेगळी खोली हो. खायचं-प्यायचं सगळं आत." मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, माझ्या रिकाम्या कपाळाकडेही, आणि आवाज खाली आणला. "तुम्हाला ट्रॅव्हलचं काय करायचंय म्हणा. यादीत नाव आलं म्हणून दाखवलं."

प्लायवुडच्या भिंतीपलीकडे रंध्याचा आवाज थांबला. आबा ऐकत होते.

आबा म्हणजे माझे सासरे. आमचं दुकान पॅटर्नचं. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तशीच लाकडाची करून ती वाळूत दाबावी लागते. त्या लाकडाच्या वस्तूला पॅटर्न म्हणतात. आबांनी उभ्या जन्मात दुसरं काही केलं नाही. त्यांचा मुलगा रणजित, म्हणजे माझा नवरा, त्यांच्याच हाताखाली शिकला, आणि मी लग्न होऊन मिरजेहून आले ती थेट हिशेबाच्या टेबलावर बसले. आम्हाला मूल झालं नाही. त्या वर्षी शिमगा झाला आणि पुढच्याच आठवड्यात रणजित काम करता करता छातीला हात लावून खाली बसला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. बेचाळीस वर्षांचा होता.

तेव्हापासून मला काही होत नव्हतं. लोक म्हणायचे, खंबीर आहे बाई. खंबीर कसली! एकदा पातेल्यातलं उकळतं दूध हातावर सांडलं, ते मला संध्याकाळी फोड आल्यावर कळलं. सकाळी उठायचं, आवरायचं, मागच्या बोळातल्या घरातून निघून दुकानाचं कुलूप काढायचं. आबा त्याआधीच टोपी घालून पायरीवर येऊन बसलेले असायचे. मी कुलूप काढायचे, ते आत जायचे, की झालं दुकान सुरू. मागून शौकत मिस्त्री यायचे. ते आबांकडे इतकी वर्षं होते की मला वहिनी म्हणायचे आणि आबांना उलट उत्तरं द्यायचे. तेही आता देत नव्हते. दिवसभर आम्ही तिघं कामापुरतं बोलायचो आणि संध्याकाळी मी कुलूप लावायचे.

"विचार करून सांगते," असं इंगवले मॅडमना म्हणून मी दोन्ही पत्रकं ड्रॉवरमध्ये टाकली.

त्यांना ठाऊक नसलेली गोष्ट अशी होती की ट्रॅव्हलचं कार्ड मला अगदीच निरुपयोगी नव्हतं. माझा भाऊ अभिजित मस्कतला होता. त्याच्या कंपनीत हिशेबाला माणूस हवा होता आणि त्यानं माझं नाव सांगून ठेवलं होतं. त्या संध्याकाळी त्याचा फोन आला.

"हेमा, साहेब तयार आहेत. व्हिसा कंपनी काढेल, राहायला आमच्याकडे. पण एक सांगतो, तिकीट मी काढणार नाही."

"का?"

"मी काढलं तर मी नेलं असं होईल. उद्या तुला करमलं नाही की म्हणशील, दादानं ओढत नेलं. तुझं तिकीट तू काढायचं. आणि तिथं चालेल असं कार्ड स्वतःचं घे. पहिला पगार होईपर्यंत तुझ्या वहिनीकडे मागायची वेळ नको. चांगली आहे गं ती, पण तरी."

"आणि दुकान?"

"ते आबांना विचार," तो म्हणाला. "किंवा नको विचारूस. तुझं तू ठरव."

दुकानाच्या खात्यातून पैसे काढून दुकान सोडायचं, हे मला जमणारं नव्हतं. म्हणजे दादाचं बरोबर होतं, आपलं कार्ड हवं. आणि ते एकच मिळणार होतं. बिझनेसचं घेतलं तर दुकान चालणार आणि मी तिथेच राहणार. ट्रॅव्हलचं घेतलं तर मी जाणार आणि माझ्यामागे दुकान बंद पडणार, कारण आबा सत्तरी ओलांडलेले, आणि बँक, गिऱ्हाइकं, टॅक्स हे सगळं त्यांना एकट्याला झेपणारं नव्हतं. इतकं मला स्वच्छ दिसत होतं. दोन्हींपैकी काय हवंय ते मात्र कळत नव्हतं. आत डोकावून बघितलं तर तिथे काही नव्हतंच.

रात्री आबा जेवायला बसले.

"त्या बँकेच्या बाई कशापायी आलत्या?"

"कार्ड देतायत. दोन प्रकारची आहेत. एक दुकानाला उपयोगी, एक प्रवासाला."

"हं."

ते भाकरी मोडत राहिले. मी वाट पाहिली. 'दुकानाचं घे' म्हणाले असते तर मी घेतलं असतं. 'प्रवासाचं घे' म्हणाले असते तरी घेतलं असतं. कुणीतरी सांगावं एवढीच माझी त्या वेळी अपेक्षा होती.

"आमटी वाढू?" मी विचारलं.

"वाढ थोडी."

दुसऱ्या दिवशी मी इंगवले मॅडमना फोन केला आणि भाजीवाल्याला मेथी नको, कोथिंबीर द्या म्हणावं तशा आवाजात सांगितलं, "ट्रॅव्हलचं."

"अय्या, खरंच?" त्या म्हणाल्या. मग धंद्याचा आवाज काढून म्हणाल्या, "एकदम छान निवड केलीत ताई."

का निवडलं, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. त्या दिवशी दुकानात रणजितचं स्टूल कुणीतरी भिंतीला लावून ठेवलं होतं आणि त्यावर रंगाचा डबा ठेवला होता. एवढंच आठवतं.

कार्ड आलं ते कुरियरवाल्याकडून आबांनीच घेतलं. पाकीट माझ्या टेबलावर ठेवत म्हणाले, "बँकेचं आलंय. घेतलंस म्हण की कार्ड."

"घेतलं."

"बरं," म्हणाले आणि रंध्यावर गेले. कुठलं, ते विचारलं नाही. गडद निळं कार्ड होतं, एका कोपऱ्यात करंगळीच्या नखाएवढं पांढरं विमान. मी ते ड्रॉवरमध्ये दुकानाच्या शिक्क्याशेजारी ठेवलं. मग मस्कतहून व्हिसाही आला. रोज संध्याकाळी कुलूप लावताना वाटायचं, आज आबांना सांगावं. घर येईपर्यंत दोनच मिनिटांचा बोळ, त्यात ते पुढे आणि मी मागे. सांगणं झालं नाही.

अशात खंडेनवमी आली. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्या सुतारांच्या घरात हत्यारांची पूजा असते. उद्यमनगरात तर सगळीकडेच असते, लेथला हार, वेल्डिंग मशीनला हार. पण घरात माणूस गेलं की वर्षभर सण करत नाहीत, म्हणून मी धरूनच चालले होते की यंदा काही नाही. आबांनी मात्र आदल्या दिवशी शौकत मिस्त्रींना तेलाचा डबा आणायला सांगितला.

"आबा, आपल्याला यंदा सण नाही ना?" मी विचारलं.

"आपल्याला न्हाई. हत्यारांना कसलं सुतक?"

या पूजेचा आबांचा एक नियम सगळ्या उद्यमनगराला माहीत होता. एकदा मांडलेलं हत्यार दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत जागचं हलवायचं नाही. माझ्या लग्नाच्या आधीच्या वर्षी एका फौंड्रीचा मालक नवमीच्या दुपारी गाडी घेऊन दारात आला होता. भट्टी पेटलेली, पॅटर्नचा एक कोपरा दोन सूत तासायला हवा, नाहीतर वितळलेलं सगळं लोखंड वाया. एका पटाशीचं दहा मिनिटांचं काम. आबांनी त्याला चहा पाजला, पण पटाशीला हात लावला नाही. ते गिऱ्हाईक गेलं ते कायमचं. रणजित ही गोष्ट सांगताना हसायचा आणि शेवटी म्हणायचा, "आमचा म्हातारा बोलत नाही, पण हलत पण नाही."

नवमीला सकाळी मी झेंडूची फुलं आणि गुळाची वाटी घेऊन दुकानात गेले. त्या दिवशी किल्ली आबांनीच आधी नेली होती आणि पाट मांडून त्यावर पांढरं कोरं कापड घातलं होतं. पटाश्या लहानापासून मोठीपर्यंत एका ओळीत. मग रंधे, करवती, वाकस, गुण्या, कंपास. सगळं तेल पाजून लख्ख केलेलं. रणजितची मोजपट्टी होती, शौकत मिस्त्रींची हातोडी होती. दर वर्षी आबा माझ्या टेबलावरचा कॅल्क्युलेटर आणि दुकानाचा शिक्काही पूजेत ठेवायचे. हिशेब हेही हत्यारच, असं त्यांचं म्हणणं. यंदाही ठेवले होते. आणि त्या दोघांच्या मधोमध माझं निळं कार्ड होतं. त्याला हळद-कुंकवाचं बोट लागलं होतं आणि वर झेंडूची पाकळी.

"आबांनी तुमचं बँकेचं कार्ड पण ठिवलंय, वहिनी," शौकत मिस्त्री कौतुकानं म्हणाले. "आता दुकानाला बरकत येतीय बघा."

मी आबांकडे पाहिलं. ते वात सारखी करत होते. यांना वाटतंय की मी दुकानाचं कार्ड घेतलं, मला वाटलं. सून दुकान चालवणार म्हणून म्हाताऱ्यानं तिचं हत्यार मांडलं. तिथेच सांगायला हवं होतं. पण शौकत मिस्त्रींनी नारळ फोडला, आबांनी सगळ्यांवर पाणी शिंपडलं, आणि माझी वेळ गेली. वाईट वाटलं का? नाही. वाईट वाटायला हवं होतं, हे कळलं.

दुपारी घरी असताना दादाचा फोन आला.

"हेमा, काय चाललंय तुझं? व्हिसा येऊन पडलाय. साहेब म्हणतात, आज संध्याकाळपर्यंत येण्याची तारीख सांगा, नाहीतर त्यांच्याकडे दुसरा माणूस तयार आहे. मी किती दिवस धरून ठेवू?"

"उद्या काढलं तर?"

"आज काय आहे?"

"खंडेनवमी."

"बरं मग?"

"कार्ड पूजेत आहे."

पलीकडे तो हसायला लागला, आणि मी हसत नाही हे लक्षात आल्यावर थांबला.

"उचल की मग. प्लास्टिकचा तुकडा आहे तो."

"आबांनी मांडलाय."

"अगं, दुकान आज बंद असेल ना? कुणी बघतंय का तुला?" आवाज चढला होता, तो त्यानं खाली आणला. "हे बघ, तुला यायचं नसेल तर तसं सांग. मी रागावणार नाही. पण यायचं असून त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघत बसणार असशील, तर तो काही बोलणार नाही. तेरा वर्षांत तो कधी बोललाय?"

"संध्याकाळपर्यंत सांगते," मी म्हणाले.

आबा आतल्या खोलीत पडले होते. मी किल्ली घेतली आणि दुकानात आले. समई मंद तेवत होती. लाकडाचा भुसा झाडून काढलेला, त्यामुळे दुकान आमचं वाटत नव्हतं. मी पाटासमोर बसले आणि मोबाइलवर तिकिटाचं पान उघडलं. मुंबईहून मस्कत, एकच माणूस, परतीचं नको. नाव, वय, पासपोर्टचा नंबर. पासपोर्ट रणजितनं हौसेनं काढून घेतलेला होता, कधी वापरला नव्हता. मग कार्डाचा नंबर. तो वाचायला हात लावायची गरज नव्हती. दोन आकडे कुंकवाखाली गेले होते, पण वाकून बघितल्यावर त्यांचा उठाव दिसला. संपायची तारीखही समोरच होती.

शेवटी त्यांनी कार्डामागचे तीन आकडे मागितले.

मी हात पुढे केला आणि तो तिथेच राहिला. देवाला भ्याले असं नाही. पण आबांनी ती हत्यारं अशी मांडली होती की एक सूत हलली असती तरी त्यांना कळलं असतं. आणि ज्या पूजेत ते मला दुकानाची मालकीण समजून बसले होते, तिथूनच कार्ड उचलून पळून जायचं तिकीट काढायचं. मोबाइलवरचं पान थोडा वेळ थांबून विझलं. मी पुन्हा उघडलं. सगळं पुन्हा भरलं, आणि पुन्हा त्या तीन आकड्यांपाशी आले.

दार वाजलं. दिवेलागणीला समईत तेल घालायला आबा आले होते. मला तिथे बघून त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. त्यांनी तेल घातलं, वात पुढे सारली.

"काय अडलंय?"

आता न सांगणं शक्य नव्हतं.

"आबा, ते दुकानाचं कार्ड नाही."

"ठाव हाय."

मला वाटलं, त्यांना नीट कळलं नसेल. "म्हणजे ते प्रवासाचं आहे. मस्कतला दादानं माझ्यासाठी काम बघितलंय. मी..."

"विमान हाय की त्यावर," आबा म्हणाले. "इंग्रजी येत न्हाई मला. विमान कळतंय. आणि भावाचं फोन बी कानावर येत्यात."

"मग पूजेत का मांडलंत?"

त्यांनी टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली, आणि माझ्यासमोर लाकडाच्या ओंडक्यावर बसले.

"हितनं फुडं तुझी भाकरी त्याच्यावर न्हवं? मग तुझं हत्यार तेच. म्हणून मांडलं. म्हटलं, तुझ्या ध्यानात येईल म्हाताऱ्याची ना न्हाई म्हणून."

"मला वाटलं, तुम्हाला ते दुकानाचं वाटतंय."

"हां." त्यांनी मान हलवली. "तिथंच चुकतंय माझं. मी गप बसतोय आणि म्होरच्याला उलटंच कळतंय. परत तेच झालं."

"परत म्हणजे?"

आबा समईकडे बघत म्हणाले, "रणजितला पुण्याच्या कंपनीनं बोलावलं हुतं. तुला ठाव हाय?"

"नाही."

"मला वाटलंच. तुमच्या लग्नाला दोनेक वर्सं झाली असतील. लई मोठी कंपनी. कॉम्प्युटरवर पॅटर्न काढायचं काम. पगार चांगला, राह्यला जागा. माझ्याकडं आला आणि म्हणाला, आबा, काय करू? मी म्हणालो, त्यो रंधा दे हिकडं. नको म्हणालो न्हाई. जा बी म्हणालो न्हाई. पोरगं दोन दिवस वाट बघत बसलं. मी आपला काम करतोय. तिसऱ्या दिवशी त्यानं बी रंधा घेतला. झालं. परत त्यो इषय न्हाई. मला त्या वक्ताला वाटलं, बरं झालं, त्यालाच जायचं नव्हतं."

"मला का नाही सांगितलं त्यानं?"

"तुला सांगितलं असतं तर तू चला म्हणाली असतीस."

खरं होतं. मी त्याच रात्री बॅग भरली असती. आणि मी चला म्हटल्यावर त्याला जावं लागलं असतं, म्हणून त्यानं मला सांगितलंच नाही. बापाचं न बोललेलं त्यानं ऐकलं आणि माझं बोलणं होऊच दिलं नाही.

मला राग आला. शिमग्यापासून मला काही झालं नव्हतं आणि आता एकदम कानशिलं तापली, तोंड कोरडं पडलं. आबांचा नाही, रणजितचा राग. इतकी वर्षं शेजारी झोपला, पुण्याची सगळी लग्नं-मुंजी माझ्याबरोबर फिरला, एकदा तरी म्हणायचं की इथे राहणार होतो आपण. तो समोर असता तर मी त्याला फाडून खाल्लं असतं. तो समोर नव्हता. तो कुठेच नव्हता, हे मला त्या वेळी, त्या ओळीनं मांडलेल्या पटाश्यांसमोर, पहिल्यांदा नीट कळलं. मी तोंडावर पदर घेतला आणि मोठमोठ्यानं रडले. आबा उठले नाहीत, पाठीवरून हात फिरवला नाही, गप बस म्हणाले नाहीत. बसून राहिले.

बऱ्याच वेळानं मी म्हणाले, "आबा, एक सांगू? तुम्ही रोज सकाळी पायरीवर येऊन बसता, म्हणून मी कुलूप काढते. नाहीतर माझा पाय उचलत नाही इकडे."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, मी काही वावगं बोलले.

"आणि मी येऊन बसतो ते तू काढायला येतीस म्हणून," ते म्हणाले. "म्हटलं, घरात ऱ्हायलो तर पोरीला वाटंल, म्हाताऱ्यानं हात टेकलं. त्याची जागा बघवत न्हाई मला. रोज तिकडं पाठ करून काम करतोय."

त्यांनी आपलं टेबल फिरवून घेतलं होतं हे मी पाहिलं होतं. मला वाटलं होतं, उजेडासाठी.

मोबाइल पुन्हा विझला होता. मी तो चालू केला आणि तिसऱ्यांदा सगळं भरायला लागले. आबा बघत होते.

"त्यात काय पायजे म्हणतंय?"

"कार्डाच्या मागचे तीन आकडे. राहू दे आबा. दादाला सांगते, उद्या सकाळी..."

आबांनी हात धोतराला पुसला. पाटावर वाकले. शिक्का आणि कॅल्क्युलेटर यांच्या मधून दोन बोटांनी कडेला धरून त्यांनी ते कार्ड उचललं. पाकळी कापडावर पडली. ज्यांनी पेटलेल्या भट्टीसाठी पटाशी हलवली नव्हती, त्यांनी ते उलटं केलं आणि समईच्या उजेडात धरलं.

"वाच."

"आबा, पूजा उद्यापर्यंत..."

"वाच म्हंतो न्हवं."

तेवढ्या उजेडात आकडे दिसेनात. मी त्यांचं मनगट धरून कार्ड जवळ घेतलं, तेव्हा कुठे वाचता आले. आकडे भरले. मेसेज आला, त्यातला नंबर टाकला. मग तिकीट आलं. आबांनी कार्ड होतं तसं परत ठेवलं, कड शिक्क्याला समांतर केली, पाकळी उचलून वर ठेवली.

"कवा हाय विमान?"

"येत्या गुरुवारी. दुपारी."

"म्हंजे बुधवारी सांजचं निघाय पायजे मुंबईला," ते म्हणाले आणि उठताना त्यांनी माझ्या खांद्याचा आधार घेतला.

दसऱ्याला पूजा हलवली आणि दुकान पुन्हा उघडलं नाही. हातातली कामं शौकत मिस्त्रींनी घेतली, हत्यारंही आबांनी त्यांनाच दिली. गडहिंग्लजहून आबांची धाकटी बहीण त्यांच्याकडे राहायला आली. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं आणि माझ्या हातच्या आमटीला नावं ठेवली, तेव्हा माझी काळजी मिटली. आबा सकाळी उशिरापर्यंत झोपायला लागले.

बुधवारी संध्याकाळी बोळाच्या तोंडाशी रिक्षा उभी राहिली. शौकत मिस्त्रींनी बॅग आत ठेवली. आत्याबाईंनी हातावर दही घातलं. मी आबांच्या पाया पडले आणि सवयीनं म्हणाले, "येते आबा."

निघणाऱ्याला आमच्याकडे कुणी 'जा' म्हणत नाही. 'ये' म्हणतात, कितीही लांब जात असला तरी. आत्याबाई 'ये बाई, ये' म्हणून मोकळ्या झाल्या होत्या. आबा काही बोलले नाहीत. मी रिक्षाकडे वळले.

"जा," आबा म्हणाले.

आत्याबाईंनी तोंडावर हात घेतला. शौकत मिस्त्री म्हणाले, "आबा, अहो, ये म्हणा की. असं म्हंत्यात व्हय?"

"गप, शौकत," आबा म्हणाले. दोन पावलं पुढे आले.  "जा, पोरी. जा," ते पुन्हा म्हणाले, इतक्या मोठ्यानं की शेजारच्या वेल्डिंगच्या दुकानातल्यांनी माना वर केल्या, पार पुण्यापर्यंत ऐकू जावं अशा आवाजात.

मी रिक्षात बसले.